कसा झाला?

बंगळुरूच्या येलहंका न्यू टाऊनमध्ये आमच्या ओळखीचे सोलापूरकडचे एक गृहस्थ राहतात. गोळ्यांची नवी बाटली घरी आणली की ते आधी तिच्यावरचं लेबल भिजवून खरवडून काढतात, मग आत कापूस कोंबतात. बॅगेत बाटली खुळखुळली आणि कुणी विचारलं तर? घरमालकांना त्यांनी बीपीची गोळी म्हणून सांगितलंय. गोळी एचआयव्हीची आहे. रोज रात्री एक. त्यांच्या रक्तात आता विषाणू चाचणीत सापडण्याइतकाही उरलेला नाही, आणि अशा माणसाकडून शरीरसंबंधातूनही लागण होत नाही, हे वैद्यकशास्त्र ठामपणे सांगतं. मग एका जिन्यावरून जाण्यायेण्यानं काय होणार!

त्यांनी मला हे सांगितलं तेव्हा माझ्या तोंडून पहिल्यांदा निघालं, "कसा झाला?"

"वहिनी, ते कळल्यावर तुम्ही काय ठरवणार आहात?"

मला उत्तर देता आलं नाही. कारण मी ठरवणारच होते. रक्त चढवताना झाला म्हणाले असते तर हळहळले असते. दुसरं काही म्हणाले असते तर चहाचा कप तसाच पुढे केला असता, पण मनानं एक पाऊल मागे सरकले असते. मधुमेहाच्या माणसाला आपण पथ्य विचारतो, चारित्र्य विचारत नाही. इथे मात्र दया दाखवण्याआधी आपल्याला निर्दोष असल्याचा दाखला लागतो.

तो दाखला असूनही काय होतं, हे लातूर जिल्ह्यातल्या हासेगावनं दाखवलं. रवी बापटले यांनी तिथे 2007 साली एचआयव्हीग्रस्त मुलांसाठी 'सेवालय' सुरू केलं. यातली पोरं जन्मतःच हा आजार घेऊन आलेली. त्यांच्याइतकं निष्पाप कोण असणार? तरी ती गावच्या शाळेत बसू लागली तेव्हा पालकांनी आपली मुलं शाळेत पाठवणं बंद केलं. त्या आयांना दोष देऊन मी मोकळी होणार नाही. त्यांची भीती खरी होती, तिला आधार मात्र नव्हता. पण 'बिचारी लेकरं' असं म्हणणारं आणि त्यांच्या शेजारी आपलं पोर न बसवणारं मन एकच असतं, हे मला तेव्हापासून कळून चुकलंय.

आणि त्याआधी 1989 साली गोव्यात डॉमिनिक डिसोझा. नियमित रक्तदान करणारा तरुण. रक्ताच्या तपासणीत एचआयव्ही निघाला आणि पोलिसांनी त्याला नेऊन म्हापशातल्या क्षयरोग्यांच्या एका जुन्या, वापरात नसलेल्या इमारतीत ठेवलं. चौसष्ट दिवस. राज्याचा आरोग्य कायदाच तशी मुभा देत होता. त्याची आई ल्युसी कोर्टात गेली. मुलगा सुटला, पण कोर्टानं कायदा वैध ठरवला. पुढे त्यानं 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था उभारली आणि 1992 साली तो गेला. त्याचे वकील आनंद ग्रोव्हर. त्यांच्या 'लॉयर्स कलेक्टिव्ह'नंच पुढे देशासाठी एचआयव्ही कायद्याचा मसुदा केला. संसदेनं तो कायदा 2017 साली केला, सप्टेंबर 2018 पासून तो लागू आहे. नोकरी, उपचार, शाळा, भाड्याचं घर, कुठेही एचआयव्हीच्या कारणावरून भेदभाव करायचा नाही, असं तो सांगतो. ल्युसीबाईंना कोर्टात जे मिळालं नाही, ते यायला इतकी वर्षं लागली.

मी हे सगळं त्या गृहस्थांना उत्साहानं वाचून दाखवलं. नाव गुप्त ठेवून खटला चालवण्याची सोयही कायद्यात आहे, म्हटलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "कोर्टात नाव झाकता येईल हो. पण घर भाड्यानं घ्यायचं तर आधार कार्ड द्यावं लागतं."

आधीचं घर त्यांना असंच सोडावं लागलं होतं. मालकानं भांडण केलं नाही. मुलाचं लग्न ठरलंय, घर आम्हालाच लागेल, एवढंच सांगितलं. दोन महिन्यांनी त्याच दारावर कन्नड पाटी लागली, 'मने बाडिगेगे इदे', म्हणजे घर भाड्यानं देणे आहे. अशा माणसाविरुद्ध कोणतं कलम लावणार? म्हापशात निदान कुलूप दिसत तरी होतं.

परवा ते सहकुटुंब जेवायला आले होते. गोळीची वेळ झाली तशी बॅग घेऊन ते बाथरूमच्या दिशेनं निघाले. मी पाण्याचा ग्लास भरून टेबलावर ठेवला आणि "इथेच घ्या ना," म्हटलं. ते क्षणभर थांबले, माझ्या मुलाकडे त्यांनी पाहिलं, आणि तसेच आत गेले.