गुरगुरणाऱ्याची कैफियत

सदाशिव पेठेतले आमचे एक वयोवृद्ध स्नेही, ज्यांची उभी हयात मुन्सफीच्या खुर्चीवर गेली आणि निवृत्तीनंतरही ज्यांच्या तोंडून फिर्याद, मुचलका, तहकुबी हे शब्द सुटले नाहीत, त्यांच्याकडे त्यांची भाची एक विलक्षण तंटा घेऊन आली. रस्त्यावर जखमी सापडलेली एक कुत्री तिने घरी आणली होती. माणसांशी ती अत्यंत गरीब. परंतु स्वजातीय कोणी दृष्टीस पडला की तिच्या अंगात काय संचरे कोण जाणे, साखळीला हिसडे देत ती त्याच्यावर तुटून पडे. दोन शिक्षक पाहून झाले होते. पहिला काटेरी पट्ट्याच्या जोरावर महिन्याभरात कुत्री सरळ करून देण्याची हमी देत होता. दुसऱ्या बाईंनी मुदत सांगितली नाही, हमी दिली नाही, फी मात्र पहिल्याच्या दुप्पट सांगितली.

"मामा, या धंद्याला आपल्याकडे सनद लागत नाही," भाची म्हणाली, "तेव्हा शब्द कोणाचा ग्राह्य धरावा हेच समजत नाही. पहिल्याने माझ्यासमोर एक कुत्रा उभा केला. शेजारून दुसरा गेला, तरी हा जागचा हलला नाही."

"तो शांत होता की नुसता गप्प होता?"

"तेच मला ओळखता आले नाही."

"मग त्याने तुला काहीच दाखवले नाही," मामा म्हणाले. "दरडावल्यामुळे गप्प बसलेले साक्षीदार मी पुष्कळ पाहिले. गुरगुरणे ही त्या मुक्या प्राण्याची कैफियत आहे. ती दाखल करून घेण्याऐवजी जो तिच्याबद्दलच शिक्षा करतो, त्याच्या हाती अखेरीस पूर्वसूचना न देता चावणारा कुत्रा येतो. आणि पाव्हलॉव्हने खूण आणि अन्न यांचा जो संबंध कुत्र्याच्या मनात जोडून दाखवला, तोच नियम वेदनेलाही लागू आहे. दुसरा कुत्रा दिसला की गळ्यात काटे रुततात, एवढेच जर ती शिकली, तर तिचा द्वेष कमी होईल की त्याला नवे कारण मिळेल?"

येथवरचा युक्तिवाद मलाही पटला होता. पण भाची इतक्या स्वस्तात मान्यता देणारी नव्हती.

"आणि शेजारच्या आजींच्या लहानशा कुत्र्याचे काय, मामा? माझ्या कुत्रीच्या मनाचे परिवर्तन होईपर्यंत त्याने जीव मुठीत धरून जिन्यावरून जायचे का? माझी करुणा त्याच्या जिवावर चालत असेल, तर ती करुणा नव्हे, पक्षपात आहे."

मामा क्षणभर थांबले. "हा आक्षेप खरा आहे," ते म्हणाले. "म्हणून मुसके आजपासून घाल. त्यातून तिला तोंड उघडता यावे, धापा टाकता याव्यात, पाणी पिता यावे, आणि ते आधी घरात, खाऊ देऊन, सवयीचे करावे. दुसऱ्याच्या रक्षणासाठी मुसके बांधणे एक, आणि तिला धडा शिकवण्यासाठी वेदना देणे अगदी वेगळे. महाभारताच्या आदिपर्वात जनमेजयाचे भाऊ सरमा या कुत्रीच्या पोराला निष्कारण बडवतात; त्याने हविर्द्रव्याकडे पाहिलेही नव्हते. आई जाब विचारायला येते, जबाब मिळत नाही, तेव्हा ती शाप देते तो न दिसणाऱ्या भयाचा. तुझ्या कुत्रीला नेमके तेच भय जडलेले असावे. फरक इतकाच, की तिला मारणारे सुटले आणि शाप तिच्या वाट्याला आला."

भाचीने मग अमेरिकेतला एक दाखला काढला, आणि तो ऐकताना आमच्या मुन्सफांचा चेहरा उजळला हे नमूद केले पाहिजे. २००७ साली व्हर्जिनिया राज्यात मायकेल व्हिक या फुटबॉलपटूच्या मालमत्तेवरून झुंजीसाठी ठेवलेली सुमारे पन्नास कुत्री जप्त झाली. असा मुद्देमाल सरसकट नष्ट करण्याचा तोवरचा प्रघात. परंतु न्यायालयाने रेबेका हस या विधिप्राध्यापिकेची पालक म्हणून नेमणूक केली, प्रत्येक कुत्र्याची पृथक् परीक्षा झाली, आणि आक्रमकतेच्या कारणावरून केवळ एकालाच मारावे लागले. बावीस कुत्री यूटा राज्यातल्या कनाब येथील आश्रमात गेली, आणि संगोपनाखर्चापोटी व्हिकने सव्वानऊ लाखांहून अधिक डॉलर भरावेत असा हुकूम झाला.

"पृथक् परीक्षा! जातीवरून निकाल नाही," मामा म्हणाले. "मग तुझ्या त्या बाई काय करतात?"

"जेवढ्या अंतरावरून दुसरा कुत्रा दिसतो, पण आमची बिथरत नाही, ते अंतर आधी शोधतात. तो दिसला की हिला खाऊ. दृष्टीआड झाला की खाऊ बंद. पुढे अंतर थोडेथोडे कमी. पण मामा, हे शास्त्र रचणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर साखळीतली कुत्री आणि मोकळी मैदाने असावीत. आपल्याकडे २००१ पासूनच्या नियमांनी नसबंदी केलेले कुत्रे पुन्हा मूळच्याच जागी सोडायचे. गल्लीच्या प्रत्येक कोपऱ्याचे वतनदार ठरलेले. ते चालून आले की सगळी शिकवणी मातीत. अंतर विकत कुठे मिळते?"

"पहाटे गाडीत घालून गावाबाहेर ने."

"त्या बाईही तेच म्हणतात. म्हणून तर फी दुप्पट."

मामा हसले, पण लगेच गंभीर झाले. "तुला तिच्याकडून अखेर हवे तरी काय? तिने इतरांशी खेळावे असे?"

"पूर्वी वाटे. आता नाही. मोकळी कुत्री तरी कुठे सर्वांशी मैत्री करतात? आपला कळप धरतात, परक्याला हुसकतात. योगसूत्रांत मैत्री, करुणा, मुदिता यांच्या पंक्तीला चौथी उपेक्षा बसवली आहे, तेवढी तिला साधली तरी मी समाधानी. समोरून कुत्रा गेला, आणि हिने मान वळवून माझ्याकडे पाहिले, बस्स."

"आणि तीही साधली नाही तर?"

"तर मुसके, निर्जन वेळी फिरणे, आणि घरात दुसरा कुत्रा कधीही नाही."

"म्हणजे आजन्म स्थानबद्धता."

"कनाबच्या दोघांना न्यायालयाने आश्रमाबाहेर न देण्याचा हुकूम केलाच होता, मामा. मरणापेक्षा ती बरी, असे मी मानते. तिला तसे वाटते का, हे मला कधीच कळणार नाही, आणि तरीही निर्णय मलाच करावा लागणार. मी त्या बाईंकडेच जाते."

"जा. पहिल्या महिन्याची फी मी देईन. पण आधी त्यांना एवढे विचार, की ही सुधारणार नाही असे त्यांना ज्या दिवशी वाटेल, त्याच दिवशी सांगतील, का आणखी सहा महिने फी घेऊन?"

"विचारते. आणि उत्तर देताना अडखळल्या तर?"

"तर तिसरा शिक्षक शोध."