दोन बोटांची बटणं

कॅसेटवर चित्र जोडायच्या काळातल्या व्यावसायिक डेकची, म्हणजे कॅसेट चालवणाऱ्या यंत्रांची, बटणं आजच्या माणसाला विचित्र वाटतात. सोनीच्या बीटाकॅम डेकवर नुसतं ‘इन’ दाबलं तर जोडाची जागा नोंदली जात नाही, त्याच वेळी ‘एंट्री’ही दाबावं लागतं. रेकॉर्डिंगसाठी ‘रेकॉर्ड’ आणि ‘प्ले’ एकदम दाबायची. एका बोटाचं काम यंत्र घडवणाऱ्यांनी दोन बोटांवर सोपवलं, कारण टेपवर एकदा पुसलेलं परत येत नसे. चुकून लागलेल्या धक्क्याने दोन बटणं सहसा दाबली जात नाहीत. तेवढा वेळ हाताला थांबवून मनाला विचारायला लावणं, हाच त्या रचनेचा हेतू.

या यंत्रांकडे असं पाहिलं की प्रत्येक चमत्कारिक बटणामागे एक धोका दिसू लागतो. सोनीची यू-मॅटिक कॅसेट १९७१ साली बाजारात आली. तिच्या पाठीवर एक लहान लाल बटण असे. ते काढून टाकलं की त्या कॅसेटवर रेकॉर्डिंग होत नसे. म्हणजे पुसण्याविरुद्धचा पहारा यंत्रावर होता तसाच कॅसेटवरही होता.

सर्वांत अवघड जोडी मात्र ‘असेंबल’ आणि ‘इन्सर्ट’ची. टेपच्या कडेने कंट्रोल ट्रॅक धावतो. ठरावीक अंतरावर उमटवलेल्या त्या ठोक्यांच्या आधाराने डेक टेपची चाल सांभाळतो. असेंबलमध्ये चित्र आणि आवाजाबरोबर हे ठोकेही नव्याने लिहिले जातात, त्यामुळे एकामागून एक दृश्य पुढे जोडत जाता येतं. पण टेपच्या मधोमध असेंबल वापरलं तर तुकडा संपतो तिथे जुने आणि नवे ठोके जुळत नाहीत आणि चित्र फाटतं. इन्सर्ट ठोक्यांना हात लावत नाही. चित्र, पहिला आवाज, दुसरा आवाज यांपैकी हवं तेवढंच बदलतं. त्यासाठी आधी पूर्ण टेपवर काळं चित्र भरून ठोके उमटवून घ्यावे लागत. तासाभराच्या टेपला ही तयारी तासभरच घेई. घाईत असलेला माणूस हा तास वाचवायला बघे आणि नंतर पस्तावे.

महाराष्ट्रात ही यंत्रं आधी सरकारी दारातून आली. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. १९७४ साली दूरचित्रवाणी प्रशिक्षणाचा विभाग दिल्लीहून पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये हलला. तिथे ही बटणं शिक्षकाकडून शिकता येत. व्हीएचएस या घरगुती कॅसेटीबरोबर ती लग्नाच्या मांडवापर्यंत पोचली तेव्हा शिकवायला कुणी नव्हतं. लग्नाच्या कॅसेटी जोडून देणाऱ्या गावोगावच्या मिक्सिंगवाल्यांनी ती इंग्रजी अक्षरं बघून, चुकत, एकमेकांना विचारत आत्मसात केली. हे शिक्षण कोणत्याही दाखल्यावर नोंदलेलं नाही. ते कमी प्रतीचं होतं असं मात्र कुणी समजू नये.

जालना जिल्ह्यातल्या अंबड तालुक्यात गोदाकाठी असंच एक गाव आहे, शहागड. छत्रपती संभाजीनगरहून बीडकडे जाणारा रस्ता इथे नदी ओलांडतो. पलीकडे बीड जिल्ह्यातला गेवराई तालुका. अशा गावांतल्या लग्नांच्या कॅसेटी आज कपाटांत, पेट्यांत, माळ्यांवर पडून आहेत. त्यांत अंतरपाट आहे, निकाहाची बैठक आहे, वरातीतले चेहरे आहेत. आज हयात नसलेल्या आजी-आजोबांचं चालणं-बोलणं अनेक घरांत फक्त तिथेच उरलं आहे. दूरदर्शनच्या टेपांची काळजी घ्यायला निदान एक संस्था आहे. या टेपांना घरच्यांशिवाय कुणी नाही.

आणि वेळ फार नाही. युनेस्को आणि ध्वनी-दृक् संग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१९ मध्ये चुंबकीय टेपांबद्दल जगाला सावध केलं. यंत्रं, सुटे भाग आणि जाणकार हात संपत आले आहेत आणि २०२५ नंतर टेपवरचं साहित्य वाचवणं बहुतेकांच्या आवाक्याबाहेर जाईल, हा त्यांचा इशारा होता. जपानच्या फुनाई कंपनीने व्हीसीआर बनवणं २०१६ मध्येच थांबवलं होतं. यंत्र भंगारात गेलं की बटणांची माहितीही त्याच्याबरोबर जाते, आणि तिच्यावाचून टेप हाती असूनही तिच्यातलं सगळं मिळत नाही.

‘ऑडिओ डब’ हे बटण घ्या. लग्नाच्या कॅसेटीवर सिनेमाचं गाणं चढवायला ते फार सोयीचं, कारण चित्राला धक्का न लावता फक्त आवाज बदलतो. त्या गाण्याखाली मंगलाष्टकं, हाका, हसणं कायमचं पुसलं गेलं असंच घरचे धरून चालतात. पण व्हीएचएसवर आवाजाच्या दोन जागा असू शकतात. साधा आवाज टेपच्या वरच्या कडेने सरळ रेषेत लिहिला जातो. हाय-फाय आवाज फिरत्या ड्रमवरची हेडं आधी टेपच्या खोल थरात लिहितात, आणि त्याच्यावर चित्र लिहिलं जातं. ऑडिओ डब कडेचा आवाज पुसतं, चित्राखालच्या हाय-फाय आवाजापर्यंत ते पोचूच शकत नाही. मूळ शूटिंग हाय-फाय असेल आणि गाणं त्याच टेपवर चढवलेलं असेल, तर मांडवातला आवाज अजून तिथेच आहे. गाणं घालून काढलेल्या प्रतीत तो सापडणार नाही. म्हणून मिक्सिंग झालेली कॅसेट हाती असली तरी कॅमेऱ्यातली मूळ कॅसेट शोधायला हवी.

मांडवातला तो आवाज ऐकायचा तर डेकही हाय-फाय हवा. ज्या डेकवर आवाज निवडायचा स्वतंत्र खटका आहे, तिथे ‘हाय-फाय’, ‘नॉर्मल’ आणि ‘मिक्स’ अशा जागा मिळतात. टेप संगणकावर उतरवून देणाऱ्या दुकानात खटका ‘नॉर्मल’वर राहिला तर फक्त गाणं उतरेल. म्हणून कॅसेट देतानाच सांगावं, की आधी ‘हाय-फाय’ आणि ‘नॉर्मल’ या दोन्ही जागांवर खटका ठेवून ऐका, वेगळं काही ऐकू आलं तर दोन्ही आवाज उतरवा, आणि कोणता आवाज कुठला ते डबीवर लिहून द्या.