पोटगीचा तगादा कोणी लावायचा?

न्यायालयाने मुलाच्या पोटगीचा आदेश दिला की प्रश्न मिटला, असे बाहेरून पाहणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात आईची दगदग तिथून नव्याने सुरू होते. पैसे आले नाहीत तर वसुलीचा अर्ज तिनेच करायचा, तोही रक्कम देणे लागल्यापासून वर्षाच्या आत. वॉरंट निघाले तर नवऱ्याचा ठावठिकाणा तिनेच शोधायचा, तो काय कमावतो याचे कागद तिनेच जमवायचे आणि दर तारखेला रोज बुडवून कोर्टात उभे राहायचे. मुलाची फी, औषध आणि दोन वेळचे जेवण मात्र पुढच्या तारखेपर्यंत थांबत नाही. या व्यवस्थेच्या मुळाशी एक समजूत आहे. मुलाच्या पोषणाचा खर्च ही दोन पक्षकारांमधली खासगी उधारी आहे आणि ज्याचे येणे असेल त्याने ते वसूल करावे, अशी ती समजूत. ती आता टाकून द्यायला हवी. वसुलीचे काम शासनाने अंगावर घ्यावे आणि पैसे येईपर्यंत मुलाला ठरावीक रक्कम आगाऊ द्यावी, हा कोर्टाच्या फेऱ्यांपेक्षा अधिक न्याय्य मार्ग आहे.

ही समजूत रुजली कशी, हे पाहण्यासाठी कायद्याचा प्रवास लक्षात घ्यावा लागतो. पोटगीची तरतूद आपल्याकडे फौजदारी प्रक्रिया संहितेत आली. १८७२ची संहिता रचणाऱ्या जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांच्या मते तिचा हेतू निराधारपणातून येणारी भटकंती रोखणे एवढाच होता. सरकारला चिंता सार्वजनिक शांततेची होती, मुलाच्या हक्काची नव्हे. १८९८च्या संहितेतले कलम ४८८, १९७३च्या संहितेतले १२५ आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतले १४४ ही त्याच तरतुदीची पुढची रूपे. मधल्या काळात विचार पुढे सरकला. १९७८ मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी या कलमाला राज्यघटनेतील स्त्रिया व मुलांच्या संरक्षणाशी जोडले. १९८८ साली संगमनेरला भरलेल्या परित्यक्तांच्या परिषदेने टाकून दिलेल्या बायकांचा प्रश्न घरातून चव्हाट्यावर आणला. केंद्रीय कायद्यातली महिना ५०० रुपयांची कमाल मर्यादा २००१ मध्ये गेली आणि अंतरिम पोटगीचा अर्ज शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा, असे ठरले. २०२० मध्ये ‘रजनेश विरुद्ध नेहा’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही बाजूंना मिळकतीचे शपथपत्र बंधनकारक केले आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असे सांगितले. हा खटला नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून वर गेला होता आणि त्यातली अंतरिम पोटगी २०१३ पासूनची होती. दीडशे वर्षांत हेतू बदलला, रक्कम बदलली, आदेश सुधारला. आदेशामागे धावणारी व्यक्ती मात्र तीच राहिली.

कोर्टाच्या हातातले शेवटचे हत्यार म्हणजे तुरुंग. थकलेल्या प्रत्येक महिन्याच्या रकमेसाठी एक महिन्यापर्यंत कैद देता येते. कैद भोगली म्हणून देणे फिटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये स्पष्ट केले आणि ते योग्यच होते. पण या हत्याराचा घाव कोणावर बसतो? ज्याच्याकडे पैसा आहे तो वकील लावतो, मिळकत भावाच्या नावावर दाखवतो, स्थगिती आणतो. ज्याच्याकडे खरोखर नाही तो आत जातो, त्याची मजुरी बुडते आणि मुलाला मिळू शकले असते तेही हातचे जाते. अमेरिकेत हा अनुभव मोठ्या प्रमाणावर आला. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या ‘टर्नर विरुद्ध रॉजर्स’ या खटल्यात पैसे भरण्याची ऐपत नीट तपासल्याशिवाय अशी कैद देणे घटनेला धरून नाही, असे म्हटले. न्याय्य पर्याय शोधताना ही बाजूही धरावी लागेल: बुडवणारा आणि बुडालेला यांत फरक न करणारी व्यवस्था बापावर अन्याय करते आणि मुलाच्याही पदरात काही टाकत नाही.

पर्याय काल्पनिक नाहीत. अमेरिकेने १९८८च्या कायद्याने पोटगी थेट पगारातून कापण्याचा पाया घातला. ऑस्ट्रेलियाने त्याच वर्षी वसुली करखात्याकडे दिली आणि लगोलग रक्कम ठरवण्यासाठी उत्पन्नावर आधारित सूत्र आणले. आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेतही पोटगीच्या हुकूमनाम्यासाठी पगाराचा दोन तृतीयांश भाग जप्त करता येतो. फक्त तिथवर पोचायला आईला आणखी एक लढाई लढावी लागते. नोकरदाराच्या बाबतीत कपात हा पहिला उपाय असायला हवा. पण आपल्याकडे पगारपत्रक असलेले बाप थोडे. रिक्षाचालक, ऊसतोड कामगार, छोटा दुकानदार यांच्या मिळकतीतून कपात कोण करणार? इथे दुसरा विचार उपयोगी पडतो. स्वीडनने १९३७ मध्ये, इस्रायलने १९७२ मध्ये आणि जर्मनीने १९७९च्या कायद्याने हे तत्त्व स्वीकारले की पोटगी येत नसेल तर शासनाने ठरावीक रक्कम मुलाला द्यावी आणि मग ती बापाकडून वसूल करावी. जर्मनीने २०१७ मध्ये ही हमी वयाच्या १८ वर्षांपर्यंत नेली. यात आईचे येणे शासनाचे येणे होते. तगादा लावणारी एकटी बाई उरत नाही. तिच्या जागी नोंदी, कार्यालये आणि अधिकार असलेली यंत्रणा येते.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप ब्रिटनच्या अनुभवातून येतो. तिथे १९९३ मध्ये सुरू झालेली चाइल्ड सपोर्ट एजन्सी गुंतागुंतीचे सूत्र, चुकीच्या आकारण्या आणि कोट्यवधी पौंडांची थकबाकी यांखाली दबली आणि अखेर गुंडाळावी लागली. सुरुवातीला भत्त्यावर जगणाऱ्या आईसाठी वसूल झालेली रक्कम बहुतांशी सरकारी खर्चातून वळती होई. मुलाच्या हाती जास्तीचे काही पडत नसे आणि त्यामुळे आईबाप दोघांनाही त्या यंत्रणेबद्दल आपुलकी वाटली नाही. यातून मिळणारा धडा नेमका आहे. सूत्र साधे हवे, नोकरी गेली की रकमेचा लगेच फेरविचार व्हायला हवा आणि बापाने भरलेला पैसा मुलापर्यंत पोचतो हे त्याला दिसायला हवे.

दुसरा आक्षेप असा की शासन देणार म्हटल्यावर बाप आणखी निर्ढावतील. पण आज बाप फक्त एकट्या बाईला चुकवतो. उद्या त्याला सरकारी थकबाकी चुकवावी लागेल आणि ते नक्कीच कठीण आहे. तिसरा आक्षेप तिजोरीचा. महाराष्ट्र शासन बालसंगोपन योजनेतून एकल पालकांच्या मुलांना महिना २,२५० रुपये देतेच. म्हणजे समाजाने भार उचलायचा हे तत्त्व मान्य आहे; नाही ती फक्त हात वर केलेल्या बापाकडून तो पैसा परत घेण्याची सोय. आपसात समझोता करावा, असेही सुचवले जाते. दोघांची ताकद सारखी असेल तिथे तो उत्तमच. पण जिथे आईकडे नकार देण्याइतकेही बळ नाही तिथे समझोता म्हणजे हक्कावर पाणी सोडणे, म्हणून समझोत्याची रक्कम ठरलेल्या किमान रकमेखाली जाता कामा नये. मुलाला भेटू देत नाहीत, मग पैसे का द्यावेत, हा बापांचा सवालही दुर्लक्षिण्यासारखा नाही. भेटीच्या हक्काची दाद वेगाने लागलीच पाहिजे. मात्र मुलाचे जेवण त्या भांडणात तारण ठेवता येणार नाही.

न्यायालयाची गरज यानंतरही राहील: पितृत्व नाकारले गेले, उत्पन्न लपवले गेले, आकारणी चुकली तर निवाडा तिथेच होईल. पण वाद सोडवणे हे न्यायालयाचे काम आहे, दरमहा वसुली करणे हे नव्हे. महाराष्ट्राने निदान एका जिल्ह्यात कुटुंब न्यायालयाचे आदेश आणि बालसंगोपन योजना एकत्र जोडून, आगाऊ रक्कम आणि शासकीय वसुलीचा प्रयोग करून पाहावा. मूल वाढवण्याची जबाबदारी दोघांची आहे आणि त्यातल्या एकाने ती झिडकारली तर त्याचा जाब विचारण्याचे काम समाजाचे आहे, एकट्या आईचे नाही.