वृद्ध श्वानाची सेवा आणि गीतेतील करुणा

श्रीमद्भगवद्गीतेच्या पाचव्या अध्यायातील अठराव्या श्लोकात समदर्शी पुरुषाचे लक्षण सांगताना भगवंतांनी पाच उदाहरणे घेतली आहेत. विद्या व विनय यांनी संपन्न ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि समाजाने ज्याला शेवटच्या पायरीवर उभे केले तो मनुष्य. ह्या पाचांच्या ठिकाणी जो एकच तत्त्व पाहतो तो पंडित होय. ह्यांपैकी गाय पूज्य आहे, हत्ती ऐश्वर्याचे चिन्ह आहे. कुत्रा मात्र उंबरठ्याबाहेरचा मानला गेलेला. तरीही भगवंतांनी त्याचे नाव वगळले नाही.

हा श्लोक मुखोद्गत करणे सोपे आहे. घरचा कुत्रा तरणा असतो, दाराची राखण करतो, मुलांशी खेळतो, तोवर त्याच्यावर माया करणेही कठीण नसते. त्यात घरच्यांचाही आनंद असतो. पण तो म्हातारा होतो, त्याला दिसेनासे होते, निजल्या जागी मूत्र होऊ लागते आणि एके दिवशी अंगावर हात फिरविताना एखादी कठीण गाठ बोटांना लागते. तेव्हा त्या श्लोकाची खरी परीक्षा सुरू होते.

झाशी म्हटले की मराठी वाचकाला नेवाळकरांचे संस्थान आणि राणी लक्ष्मीबाई आठवतात. त्याच झाशी जिल्ह्यात, मऊरानीपूर तहसिलीत, रेवन आणि ककवारा ह्या दोन गावांच्या दरम्यान रस्त्याच्या कडेला एक लहानसे देऊळ आहे. पांढऱ्या चौथऱ्यावर काळ्या रंगाची एका कुत्रीची मूर्ती आहे, आणि ‘कुतिया महारानी’ ह्या नावाने गावकरी तिची पूजा करतात. तिची कथा अशी सांगतात की, ही कुत्री दोन्ही गावांत वावरत असे. ज्या गावी पंगत असेल तेथे ती जाई आणि उरलेसुरले खाऊन राही. एकदा दोन्ही गावी एकाच दिवशी भोजने होती. ती आजारी होती, अंगात त्राण नव्हते. एका गावी पोहोचली तो पंगत उठलेली. दुसऱ्या गावाकडे धावली तो तेथेही पात्रे उचललेली. परत फिरताना वाटेतच, दोन गावांच्या मध्ये, तिने प्राण सोडला. गावकऱ्यांनी तिला तेथेच पुरले आणि पुढे त्या जागी देऊळ उभे राहिले.

ह्या कथेकडे कोणी हसून पाहू नये. मुक्या जिवाच्या उपासमारीची आठवण ज्या गावांनी देवळाच्या रूपाने जतन केली त्या गावांचे अंतःकरण जागे आहे. परंतु गृहस्थाने ह्यातून एक गोष्ट शिकावी. ती कुत्री दोन्ही गावांची होती, म्हणून त्या दिवशी ती कोणाचीच नव्हती. प्रत्येक गावाला वाटले असेल की दुसऱ्या गावी तिचे पोट भरले असेल. मृत्यूनंतर वाहिलेल्या फुलांपेक्षा त्या दिवशीची भाकरी मोठी होती. आपल्याकडील वैश्वदेवाच्या विधीत भूतबलीमध्ये कुत्र्याचाही घास सांगितला आहे, तो ह्याचसाठी. तो घास पुण्यतिथीचा नसून रोजचा आहे.

आता आजच्या गृहस्थाचा प्रश्न पाहू. आयुर्वेदाने ज्या व्याधीला अर्बुद म्हटले आणि आज जिला कर्करोग म्हणतात, ती व्याधी वृद्ध कुत्र्यांत पुष्कळ आढळते. मादीच्या स्तनांत गाठी येतात. कोणाच्या जबड्याखाली व गुडघ्यामागे रसग्रंथी सुजतात. मोठ्या जातीच्या कुत्र्याच्या पायाचे हाड आतून पोखरले जाते. पूर्वी अशा वेळी हात जोडण्यापलीकडे काही उरत नसे. आज शस्त्रक्रिया आहे, औषधे आहेत. अंगणातील तुळशीजवळ जी सदाफुली लावलेली असते, तिच्यापासून मिळणारे व्हिन्क्रिस्टीन नावाचे द्रव्य १९६० च्या दशकापासून माणसांच्या कर्करोगात वापरले जाते, आणि तेच कुत्र्यालाही शिरेतून देतात. भटक्या कुत्र्यांत समागमातून पसरणारी एक गाठ असते. ती बहुधा ह्या एकाच औषधाच्या काही आठवड्यांच्या उपचाराने पूर्ण बरी होते. रसग्रंथींच्या कर्करोगात मात्र बहुधा रोग मुळापासून जात नाही. उपचार न केल्यास त्या कुत्र्याला महिना-दोन महिने मिळतात. अनेक औषधांचा उपचार लागू पडल्यास सुमारे वर्षभराचा काळ मिळतो. पशुवैद्य ह्या औषधांची मात्रा माणसांच्या मानाने हेतुतः सौम्य ठेवतात, कारण उद्देश कोणत्याही किमतीवर आयुष्य वाढविण्याचा नसून उरलेले दिवस सुखाचे करण्याचा असतो.

येथेच धर्माचा विचार सुरू होतो. माणूस रुग्ण असेल तर त्याला विचारता येते. कुत्रा ‘पुरे’ म्हणत नाही आणि ‘आणखी करा’ असेही म्हणत नाही. सुई का टोचली हे त्याला कळत नाही. टोचताना धरणारा हात आपल्या धन्याचा आहे एवढेच त्याला कळते आणि म्हणून तो स्वस्थ राहतो. एवढा विश्वास ज्याच्या हाती आला त्याने निर्णय कोणत्या कसोटीवर घ्यावा?

महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात ह्याचे उत्तर आहे. पांडव हिमालयाच्या वाटेने निघाले तेव्हा हस्तिनापुरापासून एक कुत्रा त्यांच्या मागे चालला होता. द्रौपदी, सहदेव, नकुल, अर्जुन आणि भीम एकामागून एक पडले. धर्मराज आणि कुत्रा दोघेच उरले. इंद्र रथ घेऊन आला, पण कुत्र्याला सोडून चल म्हणाला. धर्मराजाने नकार दिला. तेव्हा इंद्राने मर्मावरच बोट ठेवले: ज्याने भावांचा आणि पत्नीचा त्याग केला त्याला कुत्र्याचा त्याग का करवत नाही? धर्मराजाच्या उत्तराचा आशय असा: मेलेल्यांशी संधीही नसतो आणि विग्रहही नसतो, त्यांना पुन्हा उठविणे माझ्या हाती नव्हते, म्हणून मी पुढे आलो, ते जिवंत असताना मी त्यांना सोडले नाही. हा जिवंत आहे आणि माझ्या आश्रयाला आहे, म्हणून ह्याला सोडणार नाही. तो कुत्रा म्हणजे साक्षात धर्म होता, हे नंतर प्रकट झाले. उत्तर देताना धर्मराजाला ते ठाऊक नव्हते, हे विसरता कामा नये.

ह्या उत्तराचे दोन भाग आहेत, आणि लोक बहुधा पहिलाच लक्षात ठेवतात. पहिला भाग असा की जिवंत आश्रिताचा त्याग करू नये. दुसरा असा की जे आपल्या हातून सुटले आहे त्याला मुठीत धरून ठेवण्याचा हट्ट करू नये. दुखणाईत कुत्र्याला दूरच्या रस्त्यावर सोडून येणारा पहिल्या भागाचा अपराधी आहे. ज्याची घटिका भरली आहे त्याला केवळ स्वतःला विरह सोसवत नाही म्हणून सुया टोचीत ठेवणारा दुसऱ्या भागाला चुकला आहे.

येथे कोणी शंका घेईल की, भागवताच्या पाचव्या स्कंधातील भरत राजाने हरिणाच्या पाडसावर माया केली आणि त्याला हरिणाचा जन्म घ्यावा लागला. मग मुमुक्षूने प्राण्याच्या सेवेत पडावेच का? ह्याचे समाधान त्या कथेतच आहे. गंडकीच्या प्रवाहात पडलेले पाडस भरताने उचलले, ह्यात दोष नाही. तसे न करणे हाच दोष झाला असता. पुढे एकेक करून त्याचे नित्यनेम सुटले, पूजा सुटली, आणि अंतकाळीही चित्त त्या हरिणातच गुंतून राहिले, हा दोष होय. एकाच प्रकारची सेवा धर्मराजाला स्वर्गाच्या दारी घेऊन गेली आणि भरताला पुन्हा जन्मात घेऊन आली. भेद प्राण्यात नव्हता. धरणाऱ्याच्या चित्तात होता.

हाच भेद गीतेने अधिक सूक्ष्मपणे दाखविला आहे. पहिल्या अध्यायात अर्जुन कृपेने व्याकुळ झाला आहे, आणि भगवंत त्या कृपेची प्रशंसा करीत नाहीत. बाराव्या अध्यायात मात्र भक्ताच्या लक्षणांत करुणेला अगदी आरंभी स्थान दिले आहे. दोन्ही शब्दांचा अर्थ वरवर एकच वाटतो. पण अर्जुनाचे बोलणे नीट पाहावे. माझे अवयव गळून जात आहेत, माझे तोंड कोरडे पडले आहे, माझे धनुष्य हातातून निसटत आहे, असे तो सांगतो. समोरच्यांच्या दुःखाचे वर्णन करावयाचे तेथे तो स्वतःच्या देहाचे वर्णन करतो. ही कृपा स्वतःकडे वळलेली आहे. करुणेची दृष्टी दुसऱ्याकडे असते. आजारी कुत्र्याच्या उशाशी बसलेल्या गृहस्थाने स्वतःला हाच प्रश्न विचारावा: हे रडणे त्याच्या वेदनेचे आहे की आपल्या एकटेपणाचे? दोन्ही असणे मनुष्यस्वभाव आहे. परंतु निर्णय घेताना पहिल्यालाच मत असावे. सहाव्या अध्यायातील आत्मौपम्याचा अर्थही असाच लावावा. दुसऱ्याचे सुखदुःख स्वतःच्या मापाने जाणावे, पण स्वतःची भीती त्याच्यावर लादू नये. पुढच्या महिन्यात काय होईल ह्याची चिंता माणसाला जाळते. कुत्र्याला आजचे ऊन, आजचा घास आणि आजचा हात एवढेच कळते.

दुसरी शंका खर्चाची. घरात मुलांचे शिक्षण आहे, वृद्ध आईवडिलांची औषधे आहेत; कुत्र्याच्या उपचारासाठी कर्ज काढावे काय? सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाला देश, काळ व पात्र ह्यांची मर्यादा सांगितली आहे. तोच विवेक येथे लागू करावा. महागडा उपचार न झेपणे हे पाप नव्हे, आणि त्याबद्दल कोणी कोणाला दूषण देऊ नये. वेदना कमी करणारे औषध, मऊ अन्न, कोरडे अंथरूण आणि सहवास एवढे बहुतेक घरांना देता येते. पाप त्यागात आहे. अल्प साधनांत नाही. कायद्याची भाषाही वेगळी नाही. प्राण्यांच्या क्रूरतेस प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याने, प्राण्याची उपासमार होईल अशा स्थितीत त्याला सोडून देणे हा अपराध ठरविला आहे.

तिसरी शंका सर्वांत कठीण. यातना असह्य झाल्या आणि उपाय उरला नाही, तर वैद्याकडून त्याचे प्राण शांतपणे जाऊ द्यावे काय? १९२८ मध्ये साबरमती आश्रमात असह्य वेदनांनी तळमळणाऱ्या एका वासराला गांधीजींच्या संमतीने डॉक्टरकडून सुई देऊन मरण देण्यात आले, तेव्हा देशात मोठे वादळ उठले. अनेक श्रद्धाळू हिंदू व जैन वाचकांनी त्यांना कठोर पत्रे लिहिली. ज्यात स्वार्थ नाही आणि ज्याचा हेतू केवळ त्या जिवाची वेदना थांबविणे हा आहे, ते कर्म हिंसा नव्हे, असे गांधीजींचे म्हणणे होते. प्राण घेण्याचा अधिकार मनुष्याला नाही, असे विरोधकांचे. दोन्ही पक्षांच्या मुळाशी धर्मबुद्धीच होती. १९६० च्या कायद्यातही, ज्या प्राण्याला जिवंत ठेवणे हीच क्रूरता ठरेल त्याच्या यातना संपविण्याची तरतूद आहे. गृहस्थाने श्रद्धेनुसार ह्यांपैकी कोणताही मार्ग घ्यावा. पण कंटाळा, खर्च किंवा घाण काढण्याचा त्रास हे कारण असू नये. आणि जो सुई नाकारतो त्याने वेदना शमविण्याची जबाबदारी दुप्पट उचलावी. नुसते नाकारणे आणि कण्हणे ऐकू येऊ नये म्हणून दार लावून घेणे, ही अहिंसा नव्हे.

अशा सेवेत असलेल्या गृहस्थांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

(१) उपचार सुरू करण्यापूर्वीच वैद्याला स्पष्ट विचारावे की, हेतू रोग घालविण्याचा आहे की वेदना कमी करण्याचा, आणि कोणत्या चिन्हावरून थांबावयाचे.

(२) माणसांच्या वेदनाशामक गोळ्या मनाने देऊ नयेत. आयबुप्रोफेनसारखी गोळी कुत्र्याच्या जठराला व मूत्रपिंडांना घातक ठरते.

(३) कर्करोगाच्या औषधानंतर काही दिवस मलमूत्रातून त्या औषधाचा अंश बाहेर पडतो. ते हातमोजे घालून उचलावे. मुलांना व गर्भवतींना दूर ठेवावे. ताप आला किंवा कुत्रा एकाएकी गळून गेला तर विलंब न करता वैद्याला दाखवावे.

(४) रोज रात्री दिनदर्शिकेवर एक खूण करावी: आज तो जेवला का, उठून चालला का, हाक मारल्यावर शेपटी हलली का. वाईट दिवस चांगल्या दिवसांपेक्षा अधिक होऊ लागले की मोहाला वाव न देता ते सत्य स्वीकारावे.

(५) स्वतःचा नित्यनेम सोडू नये. गीतेचा पाठ त्याच्याजवळ बसून करावा. भरताचे चुकले ते येथे सांभाळता येते.

(६) शेवटच्या क्षणी त्याला परक्या हातात सोडून बाहेर जाऊन बसू नये. जन्मभर ज्या आवाजाला त्याने ओ दिली तो आवाज त्याच्या कानाशी असावा.

आणि तो गेल्यावर? दुसऱ्या अध्यायाच्या उपदेशाच्या आरंभीच भगवंत सांगतात की ज्ञानी पुरुष गेलेल्यांचा शोक करीत नाहीत. ह्याचा अर्थ डोळ्यांत पाणी येऊ नये असा नव्हे. जे करावयाचे ते तो जिवंत असताना पूर्ण केले असेल, तर मागे जे उरते ते दुःख असते, पश्चात्ताप नसतो. आणि दुःख काळाने निवते. ज्याने सेवेत हात आखडला त्याला मात्र मागाहून देऊळ बांधूनही समाधान मिळत नाही. फळाची आशा न धरता कर्तव्य करावे हा गीतेचा उपदेश रणांगणापुरता नाही. बरे होणार नाही हे ठाऊक असूनही कोमट पाण्यात फडके भिजवून त्या जीर्ण देहाची जखम पुसणारा गृहस्थ कर्मयोगच आचरीत असतो. त्याच्या मांडीवर डोके ठेवून जो निवांत निजला आहे, त्याच्या ठायीही तोच परमात्मा आहे.

श्रीकृष्णार्पणमस्तु ।