चूक सुधारावी की ऐकून घ्यावे?



परभाषेत बोलणाऱ्याची प्रत्येक चूक सुधारणे ही मदत की मानहानी? हा प्रश्न मला कुवेतमध्ये पडला. तेथे मी परिचारिका होते. कुवेत विद्यापीठ १९६६ साली सुरू झाले. तेथे वैद्यकाचे शिक्षण इंग्रजीतून, त्यामुळे अरबी शाळांतून आलेल्या मुलांची ओढाताण होई. अशीच एक येमेनी विद्यार्थिनी शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, माझ्याकडे इंग्रजी बोलण्याच्या सरावाला येई. मोबदला घ्यावयाचा नाही, असे मी ठरविले होते.

पहिले तीन शुक्रवार मी तिचे प्रत्येक वाक्य दुरुस्त केले. चौथ्या शुक्रवारी ती नुसती मान हलवू लागली. मला लाज वाटली. रोगी मोडक्या भाषेत दुखणे सांगतो, तेव्हा आपण त्याचे व्याकरण पाहतो काय?

मग मी माझी तोडकीमोडकी अरबी काढली. ती पोट धरून हसली आणि मला सुधारू लागली. आपले दुकान, तारीख, खुर्ची हे शब्द तिच्याही भाषेत निघाले. त्या दिवसापासून ती मोकळेपणी बोलू लागली. औषधाच्या मात्रेतली चूक मी तत्काळ सांगे; बाकीच्या तिने विचारल्यावरच.

फुकट देणाराही गर्वाने घेणाऱ्याला लहान करू शकतो. स्वतः चुकण्याची तयारी असेल, तरच ते देणे बरोबरीचे.

आज आपली नातवंडे मोडके मराठी बोलतात आणि आपण हसतो. उद्या ती गप्प झाली, तर दोष कोणाचा? आधी त्यांचे ऐकून घेऊ या.