सोडलेला प्रश्न

लातूरजवळच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी जीवशास्त्र शिकवते. वर्गात मला सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न जीवशास्त्राचा नसतोच. "मॅडम, हे एनसीईआरटीत आहे का?" नाही म्हटलं की पेनं खाली. राग येत नाही मला. डॉक्टर व्हायचं तर नीट ही प्रवेश परीक्षा, आणि तिच्या ७२० गुणांपैकी ३६० जीवशास्त्राचे. एनसीईआरटीच्या पुस्तकातली एखादी ओळ निसटली, तर गेलेले ४ गुण कुणाचं अख्खं वर्ष घेऊन जातात.

चुकीच्या उत्तराला उणे १. म्हणून मी बजावत आले, "खात्री नसेल तर सोडून द्या." एकदा एका रिपीटर मुलानं फळ्यावर हिशेबच मांडला. चार प्रश्नांना डोळे मिटून तुक्का मारला, तर सरासरी एक बरोबर येतो. अधिक ४, उणे ३. एक गुण पदरात. "मग सोडायचं कशाला, मॅडम?" गणित बिनचूक होतं. वर्ग हसला, मीही हसले. रात्री मात्र ते डोक्यातून जाईना.

माझ्या लहानपणी गावात एक डॉक्टर होते. आईच्या पोटात दुखायला लागलं, तेव्हा त्यांनी तपासलं, थोडा वेळ गप्प बसले आणि वडिलांना म्हणाले, "दादा, मला उमगत नाही हे. इथं वेळ घालवू नका, आत्ताच लातूरला न्या." अपेंडिक्स होतं. आई वाचली. डॉक्टरांना चार गोळ्या देऊन आईला घरी पाठवता आलं असतं. पोटदुखी बहुतेकदा आपोआप थांबतेच. तुक्का बहुधा लागतोच.

लाखो मुलांना एकाच दुपारी जोखायचं, तर गोळे रंगवण्यावाचून इलाज नाही, हे मी जाणते. पण तिथं वाटा दोनच: गोळा रंगवा, नाहीतर कोरा ठेवा. पेशंट चार पर्याय घेऊन येत नाही आणि त्याला कोरा ठेवताही येत नाही. "मला कळलं नाही, ज्याला कळेल त्याच्याकडे पाठवतो" या उत्तराला ओएमआर उत्तरपत्रिकेवर जागा नाही.

हल्ली कुणी अडवलं आणि मला उत्तर आलं नाही, तर तो प्रश्न मी फळ्याच्या कोपऱ्यात लिहिते. "मला येत नाही. बघून सांगते." दुसऱ्या दिवशी सांगते. एनसीईआरटीत ते नसतं, पेनं खालीच राहतात. पण कोपरा पुसायच्या आधी दोघंतिघं तरी तिकडे बघत असतात.