तांदळातले टोके

पावसाळ्यात तांदळाला टोके लागले की मी ते चाळते आणि खाली पडलेले किडे मूठभर कणीसकट परसात सावलीला ठेवते. ही सासूबाईंची शिकवण. बेळगावात आमच्याकडे घरोघरी हेच चालतं. त्यात शंका घ्यावी असं कधी वाटलं नव्हतं.

गेल्या चातुर्मासात पुतणी आली. ती कीटकशास्त्र शिकते. म्हणाली, "काकू, ते टाकू नका, मला द्या. यात तांदळाचे किती, मक्याचे किती, बघायचंय."

तांदळात आहेत म्हणजे तांदळाचेच की! पण नाही. दोन्ही जाती दोन्ही धान्यं खातात. दोघांना सोंड, दोघांच्या पाठीवर चार तांबूस ठिपके, दोघांना उडायचे पंख. मक्याचा जरा मोठा नि काळसर, पण तेवढ्यावर भरवसा ठेवता येत नाही. तांदळाच्या टोक्याला लिनियसनं १७६३ मध्ये नाव दिलं, मक्याच्याला १८५५ मध्ये मिळालं. तरी पुढं कितीतरी वर्षं तज्ज्ञांनाही ही एकाच जातीतली लहान-मोठी भावंडं वाटत होती. थंड देशातला गव्हाचा टोका ओळखायला सोपा, त्याला ठिपके नाहीत आणि उडताही येत नाही. या दोघांचं मात्र पोट उघडावं लागतं. नराचं जननेंद्रिय वरून गुळगुळीत असेल तर तांदळाचा, त्यावर दोन लांबट खाचा असतील तर मक्याचा.

"म्हणजे मारून?"

"हो काकू."

मी दिले नाहीत. पाठशाळेत आम्ही कृमी, मुंगी, भुंगा, माणूस अशी इंद्रियं मोजायला शिकलो, ते जीव ओळखून जपावा म्हणून. इथं ओळख पटेपर्यंत जीवच उरत नाही. हे मी जरा तोऱ्यातच बोलले.

ती हळूच म्हणाली, "मादी दाण्याला भोक पाडून आत अंडं घालते आणि वर चिकट बूच लावते. अळी आतच वाढते. चाळणीला ती कशी दिसणार?"

चाळलेला तांदूळ चुलीवर रटरटत होता. सकाळीच ज्वारी गिरणीत दळून आणलेली. मला उत्तर सुचलं नाही, आजही नाही. नकळत झालं म्हणावं, तर आता कळलंय.

तेव्हापासून वर्षाचं धान्य भरणं बंद केलं. महिन्यापुरतं आणते. महाग पडतं, आणि ह्यांची कुरकुर वेगळीच.

ती निघाली त्या दिवशी पिंप रिकामं करताना तळाशी आपसूक मेलेले टोके सापडले. कागदाच्या पुडीत बांधून तिला दिले. त्यातले कुठले किती निघाले, ते मी अजून विचारलेलं नाही.